ढब्बूची सुई

ढब्बू पडला तेव्हा सिस्टर ओट्याशी उभ्या राहून कांदा चिरत होत्या. आधी त्यांना वाटलं, पाण्याच्या भांड्याला धडकला असेल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून तो कशा ना कशाला धडकायचाच. पण धडकल्यावर तो चिडून एकदा तरी भुंकायचा, जशी काही चूक भांड्याचीच. आज भुंकण्याचा आवाज आला नाही. त्या मागे वळल्या तर तो आडवा पडलेला, चारही पाय ताठ, तोंडाला फेस आणि जबडा फरशीवर आपटतोय.

सिस्टरांनी सुरी टाकली. त्यांच्या हातांना विचार करत बसायची सवय नव्हती, उभा जन्म हॉस्पिटलच्या वॉर्डात गेला होता. वाटीत मूठभर साखर थोड्या पाण्यात कालवून त्यांनी ढब्बूचा ओठ वर उचलला आणि बोट दातांत सापडणार नाही अशा बेताने तो पाक हिरड्यांवर चोळला. मग कानाची कड टोचून रक्ताचा थेंब साखर मोजायच्या मशीनच्या पट्टीला लावला. मशीनने आकडा दाखवलाच नाही, नुसतं 'लो' म्हणून ते गप्प झालं.

"अहो, मध आणा. फळीवरचा."

बाहेरच्या खोलीतून पेंटर आले. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. आता हात असे थरथरत की चहाचा कप बशीवर वाजायचा. चष्मा कपाळावर ठेवून ते चष्मा शोधत होते. मध सापडेपर्यंत ढब्बूचे पाय ढिले पडले होते. त्याने डोकं उचललं, दुधाळ डोळ्यांनी कुठेतरी भलतीकडेच बघितलं आणि सिस्टरांचं बोट चाटायला लागला.

सिस्टर तिथेच फरशीवर बसून राहिल्या. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही सकाळी इन्सुलिन टोचलंत याला?"

"मी कशाला टोचू? तू टोचलंस ना."

"मी टोचलंच. म्हणून तर विचारतेय. माझ्या मागाहून पुन्हा टोचलंत का?"

मधाच्या बाटलीचं झाकण लावायला पेंटरांना फार वेळ लागला.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला स्वच्छ होत्या. त्यांनी ढब्बूच्या पाठीवरून हात फिरवला. एके काळी या पाठीवर लहान पोर बसलं असतं, आता मणके मोजता येत होते.

"खाणं झालं होतं ना सुईच्या आधी?"

"वाटी चाटून पुसून," सिस्टर म्हणाल्या.

"सिरिंज तीच ना, लाल टोपणाची? केशरी टोपणाची वापरली तर माप चुकतं."

"डॉक्टर, मला सिरिंज शिकवू नका."

डॉक्टरीणबाई हसल्या. "नाही शिकवत. पण घरात दोघं आहात म्हणून सांगते. सकाळी एकाने द्यायची, मग दुसऱ्याला वाटतं राहिलीच, की तोही देतो. म्हाताऱ्या कुत्र्याला दुप्पट इन्सुलिन म्हणजे खेळ खलास. दिली की भिंतीवर एक खूण करत चला."

"अख्ख्या वॉर्डाची औषधं मला तोंडपाठ असायची," सिस्टर म्हणाल्या. "एका कुत्र्यासाठी भिंती कशाला खराब करायच्या? आजपासून मी एकटीच देईन."

हे बोलताना त्या पेंटरांकडे बघत होत्या. पेंटर ढब्बूच्या कानाशी चाळा करत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही आणि सिस्टरांच्या मनात जे होतं ते पक्कं झालं.

कारण हल्ली पेंटरांचं काही खरं नव्हतं. नळ उघडा टाकायचे. पाव आणायला जायचे आणि बल्ब घेऊन यायचे. शिवाय अलीकडे भाजीत मीठ दुप्पट व्हायला लागलं होतं. सिस्टरांनी मीठ घालून पाठ फिरवली की हे येऊन पुन्हा घालत असणार, दुसरं कोण आहे घरात? त्यावरून बोललं की पेंटर वाद घालत नसत. पाणी पीत जेवून उठत. या गप्प राहण्याचाच सिस्टरांना राग यायचा. जुन्या दिवसांत हा माणूस पाटीवरच्या एका वेलांटीसाठी दुकानदाराशी तासभर भांडायचा.

त्यांनी पत्र्याचा एक डबा घेतला, इन्सुलिनची बाटली आणि सुया त्यात ठेवल्या, वर छोटं कुलूप घातलं आणि डबा फ्रिजमध्ये सरकवला. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

"हे काय?" पेंटरांनी विचारलं.

"तुमच्या डोक्याला ताप नको म्हणून."

"बरं झालं," ते म्हणाले. पण चेहरा बरं झाल्यासारखा दिसत नव्हता.

काही दिवस सुरळीत गेले. सकाळ-संध्याकाळ ढब्बू जेवायचा, सिस्टर बाटली तळहातांत घोळवून औषध ओढायच्या, मानेमागची कातडी चिमटीत धरायच्या आणि त्याला कळायच्या आत सुई आत-बाहेर. पण मशीनचे आकडे काही सरळ येईनात. एके दिवशी साखर तळाला, दुसऱ्या दिवशी आभाळाला. आभाळाला असली की ढब्बू भांडंभर पाणी प्यायचा आणि दारापर्यंत पोचायच्या आत पायपुसणं ओलं करायचा. मग लाज वाटून कोपऱ्यात तोंड घालून बसायचा. सिस्टरांना काही केल्या ताळमेळ लागेना. त्यांनी बाटली बदलली, मशीन बदललं, खाणं मापून द्यायला सुरुवात केली.

आणि एका संध्याकाळी त्यांना कारण सापडलं, निदान त्यांना तसं वाटलं. कपडे काढायला त्या गच्चीवर गेल्या होत्या. अर्ध्या जिन्यातून काहीतरी विसरलं म्हणून परतल्या, तर पेंटर स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसलेले. हातात गोड बिस्किटांचा पुडा. एकेक बिस्किट मोडून ते ढब्बूला भरवत होते, आणि तेही घाईघाईने, चोरून, दाराकडे बघत.

"साखर झालेल्या कुत्र्याला बिस्किटं देताय?" सिस्टरांचा आवाज चिरका झाला. "मारायचंय का त्याला? कंटाळा आला असेल तर तसं सांगा तरी."

पेंटर उठले. सदऱ्यावर चुरा सांडला होता तो त्यांनी झटकला नाही. "भूक लागली होती त्याला," ते म्हणाले.

"ही भूक रोज लागते वाटतं?"

"नाही. रोज नाही."

त्यांच्या डोळ्यांत सिस्टरांना भीती दिसली. पकडलं गेल्याची असेल, असं त्या स्वतःला म्हणाल्या. पण रात्री कूस बदलताना त्यांना ती पुन्हा आठवली आणि नीट झोप लागली नाही. पकडला गेलेला माणूस दुसऱ्याकडे अशा नजरेने बघत नाही. वॉर्डात रिपोर्ट हातात घेऊन दाराशी घुटमळणारे नातेवाईक असे बघायचे.

त्यानंतर एक नवीनच सुरू झालं. सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या की पेंटर मागोमाग यायचे. कधी पाणी प्यायला, कधी खिडकी लावायला, कधी नुसतेच. फ्रिजचं दार वाजलं की बाहेरच्या खोलीत त्यांची खुर्ची करकरायची. सिस्टर डबा उघडत तेव्हा ते दाराच्या चौकटीत उभे असत. एकदा त्या ओरडल्या, "पहारा कसला ठेवताय माझ्यावर?" तेव्हा ते म्हणाले, "मला काय काम आहे दुसरं?" आणि तिथेच उभे राहिले.

सिस्टरांना घरात परक्यासारखं वाटायला लागलं. त्या किल्ली अंघोळीलाही गळ्यातून काढत नसत. यांनी दुसरी किल्ली करून घेतली असेल का? हे काय करताहेत, आणि का? मुलीला फोन करावा, असं त्यांच्या मनात आलं. पण सांगणार काय? तुझे बाबा कुत्र्याचा जीव घ्यायला निघालेत?

पेंटर केस कापायला गेले त्या दिवशी ढब्बूला दुसऱ्यांदा आकडी आली, पहिल्यापेक्षा वाईट. पाक चोळला, मध चोळला, तरी पाय झाडतच राहिला. शेजाऱ्याच्या गाडीत घालून दवाखान्यात नेला. तिथे शिरेतून साखर चढवली तेव्हा कुठे तो शांत झाला. शुद्धीवर आला तरी त्याला ओळख पटायला वेळ लागला. सिस्टरांच्या हाताचा वास घेऊन तो आधी गुरगुरला.

त्याच सुमारास अर्धवट कापलेल्या केसांनी पेंटर दवाखान्यात पोचले. शेजाऱ्याने कळवलं होतं.

"पुन्हा दोनदा गेली का सुई?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शक्यच नाही. किल्ली माझ्या गळ्यात आहे," सिस्टर म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता त्यांना आठवलं. हे आज घरी नव्हते. सकाळी अंधारातच उठून, न्हाव्याकडे पहिला नंबर लावायला गेले होते. मग?

त्या प्रश्नाला त्यांनी तिथेच दाबून टाकलं. औषधच बिघडलेलं असणार. परतताना त्यांनी आणखी एक नवी बाटली घेतली.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी ढब्बूचं जेवण उरकलं. सिस्टर मटार सोलायला बसल्या. उजेड कलला होता. शेंगा संपत आल्या तशा त्या उठल्या, हात पुसले आणि गळ्यातला दोरा ओढून किल्ली काढली.

"कुठे?" पेंटरांनी विचारलं.

"कुठे म्हणजे? याची सुई द्यायची राहिलीये."

पेंटर खुर्चीतून उठले. "दिलीस तू. मटार घ्यायच्या आधी."

"काहीतरीच काय बोलताय?"

"अगं, माझ्यासमोर दिलीस. मी दारात उभा होतो."

"तुमचं डोकं ठिकाणावर नाही, आणि मला शिकवताय." त्यांनी डबा उघडला, बाटली घोळवली, औषध ओढलं. हात अगदी स्थिर होता. ढब्बू आपल्या चटईवर लोळत होता. त्या खाली बसल्या आणि त्याची मान चाचपायला गेल्या, तर तिथे पेंटरांचा हात होता. ते समोर येऊन गुडघ्यांवर बसले होते. थरथरणारा तळवा त्यांनी कुत्र्याच्या मानेवर सपाट ठेवला होता.

"हात काढा."

"नाही काढणार."

"टोचेल तुम्हाला."

"टोच. मला टोच. त्याला नको."

लग्न झाल्यापासून एवढ्या हळू आवाजात एवढ्या हट्टाने ते कधी बोलले नव्हते. सिस्टरांनी दुसऱ्या हाताने त्यांचा हात बाजूला सारायचा प्रयत्न केला. त्या झटापटीत त्यांचं तोंड ढब्बूच्या मानेजवळ गेलं आणि त्या थबकल्या.

वास आला. इन्सुलिनचा तो उग्र, दवाखान्याचा वास, जो हजार वासांतून त्यांनी ओळखला असता. त्यांनी केस बाजूला केले. सुई काढताना एखादा थेंब बाहेर राहतो तसा राहिला होता. केस अजून ओलसर होते. त्यांनी स्वतःच्या बोटांचा वास घेतला. मटारांच्या वासाखाली तोच.

भरलेली सिरिंज त्यांनी फरशीवर ठेवली. ढब्बूने जांभई दिली.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"मला कळलं ते पहिल्या आकडीनंतर. तू दोनदा दिलेली बघितली की मी त्याला बिस्किटं घालायचो. बाहेर गेलो की जीव टांगणीला लागायचा. त्या दिवशी न्हाव्याकडे…" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"आणि मीठ?"

"तेही तूच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला कसं सांगू? अख्खी गल्ली तुझ्याकडून सुया टोचून घ्यायची." ते खाली बघत म्हणाले. "मला वाटलं, आपोआप बरं होईल."

सिस्टरांना हसू आलं आणि ते अर्ध्यातच कसंतरी झालं. आपोआप बरं होणाऱ्या गोष्टी कुठल्या आणि न होणाऱ्या कुठल्या, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच मुलीला फोन केला. मग माणसांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्याने कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, काही शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. सिस्टर त्याचं काम बघत होत्या आणि किती शब्द निसटले ते त्यांना त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. बाहेर येऊन त्या पेंटरांना एवढंच म्हणाल्या, "सुरुवात आहे म्हणतो."

घरी त्यांनी शिकवणी लावली. पेंटरांना संत्र्यात पाणी टोचायला लावलं. पहिल्या दिवशी अर्धं पाणी पेंटरांच्या मांडीवर गेलं. सिस्टर मागे बसून त्यांचं मनगट धरायच्या. "ब्रश धरायचात तसं धरा. श्वास सोडताना टोचा." हळूहळू जमलं. हात थरथरायचा, पण टोचायच्या क्षणापुरता थांबायचा. ढब्बूला पहिली सुई दिली तेव्हा त्याने एकदाच मागे वळून बघितलं आणि पुन्हा वाटी चाटायला लागला. आकडे जाग्यावर आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असाच राहिला तर म्हातारा अजून बरेच दिवस काढेल.

ज्या दिवशी पेंटर एकट्याने सगळं करायला लागले, त्या दिवशी सिस्टरांनी दोरा गळ्यातून काढून त्यांच्या गळ्यात घातला.

"ऐका. मी मागेन ही. भांडेन. म्हणेन, तुम्ही सुई दिलीच नाहीत, कुत्रा मरेल. द्यायची नाही."

"नाही देणार."

"वाट्टेल ते बोलेन."

"बोल."

"रडेन कदाचित."

पेंटरांनी दोऱ्याची गाठ ओढून पक्की केली.

महिनाभर तसं काही झालं नाही. मग एका सकाळी पेंटरांनी सुई दिली, सिरिंज टाकून दिली, डब्याला कुलूप लावलं. वळून बघतात तर सिस्टर दारात उभ्या. केस मोकळे, कपाळाला आठी, डोळे वॉर्डातल्या एखाद्या उद्धट माणसाकडे बघावं तसे. त्यांनी आधी ढब्बूकडे बघितलं, मग पेंटरांच्या गळ्यातल्या दोऱ्याकडे.

"ती किल्ली तुमच्याकडे कशी?" त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. "द्या इकडे."

पेंटर भिंतीला टेकले. सिस्टर एक पाऊल पुढे आल्या. पेंटरांनी किल्ली मुठीत घट्ट धरली.