हयातीतली शोकसभा

गणपतरावांनी वेताची खुर्ची उलटी केली आणि तिचे चारी पाय एकेक करून हलवून बघितले. पाय पक्के होते. कुठं खिळा वर आलेला नव्हता, वेताला कीड नव्हती. उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसानं जे तपासायचं ते सगळं तपासून झालं, आणि इतकी निर्दोष खुर्ची बघून त्यांचं तोंड आणखीच उतरलं. एखादा खिळा सापडला असता तर केवढा आधार वाटला असता.

"काय हुडकतोयस?" दारातून शमशुद्दीन म्हणाले. हे शिंपी, आणि गणपतरावांचे लहानपणापासूनचे दोस्त.

"काय न्हाय. धूळ हाय का बघत हुतो."

"गावली?"

"न्हाय."

शमशुद्दीननी खुर्ची सुलटी केली, पण हात लावताना बोटांची टोकंच लावली. गणपतरावांनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

राजारामपुरीत दातांच्या दवाखान्याच्या वर, एका क्लासच्या खोलीत दर रविवारी सकाळी माणुसकी मंडळ भरायचं. देव नाही, जात नाही, आरती नाही. एक गाणं, एक व्याख्यान आणि त्यानंतर चहाबरोबर भांडण. मेल्यावर माणसाचं कौतुक करून काय उपयोग, त्याला थोडंच ऐकू जातं, असा विचार करून मंडळानं एक प्रथा काढली होती. वर्षातून एकदा सगळ्यांत वयस्कर सभासदाला या खुर्चीत बसवायचं आणि त्याची शोकसभा त्याच्या देखतच घ्यायची. सगळ्यांनी चांगलं चांगलं बोलायचं. शेवटी त्यानं उठून उत्तर द्यायचं.

पहिले बसले पिराजीअण्णा. पंधरवड्यात गेले. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. दुसरे सयाजीराव, तालमीत घडलेलं अंग. न्हाणीत पाय घसरला. फरशी ओली होती, असं सगळे म्हणाले. तिसऱ्या निशिगंधाबाई, रोज रंकाळा तलावाला फेरी मारणाऱ्या. पुढच्या रविवारी त्यांची जागा मोकळी होती, आणि या वेळी कुणी काहीच म्हणालं नाही. तिघांनीही देहदान केलं होतं, त्यामुळं मंडळाची मेडिकल कॉलेजातली हजेरी वाढत चालली होती.

बोलणार तरी काय? ज्यांनी अमावस्येला लग्नं लावली, दाराची लिंबं उतरवून त्यांचं सरबत प्यायलं, त्यांनी एका खुर्चीला भ्यायचं? "तीन म्हणजे पुरावा नव्हे!" असं भर सभेत टेबलावर हात आपटून गणपतरावच म्हणाले होते. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की वयानं आता पुढचे आपणच.

सकाळी निघताना अंबूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या.

"जाऊ नगा."

"न्हाय गेलो तर भ्यालो म्हणत्याल. मंडळ बुडंल."

"मग भ्या की. माणूस भितंयच."

"असल्या गोष्टीवर तुजा इश्वास असंल. माजा न्हाय."

"न्हाय नव्हं? मग गुंड्या खाली-वर कशा लागल्यात?"

अंबूबाईंनी त्यांच्या शर्टाच्या गुंड्या सोडवून पुन्हा नीट लावल्या, चपला घातल्या, आणि आजवर मंडळाची पायरी न चढलेली ती बाई नवऱ्याशेजारी रिक्षात जाऊन बसली.

आता त्या शेवटच्या बाकावर होत्या. गणपतराव खुर्चीत बसले तेव्हा वेत करकरला. खिडकीत कावळा येऊन बसला. तो नुसता पक्षी आहे, असं सगळ्यांनी एकाच वेळी ठरवलं आणि माना फिरवल्या.

अध्यक्ष शालूबाई, निवृत्त परिचारिका, बोलायला उभ्या राहिल्या.

"आज आपण गणपतरावांच्या..." त्या थांबल्या. पाणी प्यायल्या. मग एकदम म्हणाल्या, "हा माणूस महाहट्टी आहे. रक्तदान शिबिरात एक बाटली देतो आणि बिस्किटाचे चार पुडे पळवतो. मला एवढंच बोलायचंय." आणि बसल्या.

गणपतरावांचे कान तापले. पुढं गुंडू पाटील उठले.

"ह्याच्या व्याख्यानाचा मला लई फायदा झाला. डाक्टरनं झोपंची गोळी बंद केली."

तिसऱ्यानं गणपतरावांच्या चिक्कूपणावर बोट ठेवलं, चौथ्यानं त्यांच्या गाण्यावर. शोकसभा कुठली, ही तर भाऊबंदकी झाली होती. गणपतराव खुर्चीचे हात धरून बसले होते. शेवटी शमशुद्दीन उठले.

"जलमभर ह्येची कापडं शिवली. एकदा तरी 'झ्याक झालंय' म्हणावं? न्हाय! असल्या माणसाचा शोक कोण करणार? ह्येच्यात चांगलं काय ते हुडकायला अजून लई वरसं लागणार हैत. लई वरसं." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पुसतच राहिले.

तेव्हा गणपतरावांना उमगलं. कुणी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हतं. शालूबाई पदराचं टोक पिळत होत्या. आपसात काही ठरलेलं दिसत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच भ्यालोय. आधीच्या तिघांचं तोंड भरून कौतुक झालं होतं; आज सबंध सभेत त्यांच्याबद्दल एक चांगला शब्द कुणी उच्चारला नव्हता. मागच्या बाकावर अंबूबाई डोळे टिपत हसत होत्या.

गणपतराव उत्तर द्यायला उठले. किती दिवसांनी छातीत हवा भरल्यासारखी वाटली.

"मी काय बोलू? एवढ्या शिव्या मला सासऱ्यानंबी दिल्या न्हाईत." खोलीत हसू फुटलं. ते शमशुद्दीनकडं वळले. "आनि शमशू, तू. माज्या पोरीच्या लग्नात तीन रात्री मशीन मारलीस, एक पैसा घेतला न्हाईस. कुणाला कळूबी दिलं न्हाईस. मर्दा, तुज्यासारखा दिलदार मानूस मी उभ्या जलमात..."

हसू थांबलं. अंबूबाईंचा हात तोंडावर गेला होता.

गणपतरावांनी तोंड मिटलं, पण अर्धं वाक्य बाहेर पडून गेलं होतं.

"शिलाई मात्र वाकडी," ते घाईघाईनं म्हणाले. "लई वाकडी. बाह्या तर कायम आखूड."

कुणी हसलं नाही. कावळा कधी उडाला ते कुणी बघितलं नव्हतं. शमशुद्दीननी चष्मा सावकाश नाकावर चढवला, खुर्चीकडं बघितलं, मग दोस्ताकडं.

"उशीर केलास की, गणप्या."