चारही बाटल्या सारख्या

“आठ... नऊ... दहा!” मनगटावरच्या घड्याळावरून नजर न काढता बाई म्हणाल्या आणि तात्यांनी बटणावरचा अंगठा उचलला. टिकटिक थांबली.

स्वयंपाकाच्या ओट्यावर काचेच्या चार बाटल्या ओळीने उभ्या होत्या. बाईंच्या गाडीचे चारही इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या बोटभर नळ्या, तात्यांनी सकाळीच खोलून काढले होते. एकेकाला बॅटरीची तार जोडायची, आतून साफ करायचं द्रावण दाबाने सोडायचं आणि दहा सेकंदांत बाटलीत किती जमतं ते बघायचं. नळीच्या तोंडाशी कचरा असला की त्या बाटलीत कमी.

वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं तात्यांनी हेच केलं. केसभर फरक राहिला तरी काम हातावेगळं करायचे नाहीत, म्हणून तिथे सगळे त्यांना काटेतात्या म्हणत. निवृत्त झाल्यावर हत्यारं घरी आली. लग्न राहूनच गेलं होतं, त्यामुळे ओट्याला पेट्रोलचा वास का येतो असं विचारणारं घरात कोणी नव्हतं.

बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्याही गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा गाडी खरोखरच खोकत होती. चौथा इंजेक्टर पार तुंबला होता. तात्यांनी तो साफ करून दिला. दीड महिन्याने बाई पुन्हा दारात. “चढावर झटका देते हो तात्या.” मग पुन्हा दीड महिन्याने. आजची ही पाचवी वेळ.

दर वेळी तीन-चार तास मोडायचे. बाई सेकंद मोजायच्या, चहा टाकायच्या, तात्यांचं टेबल बघून “हे आवरायला माणूस नाही, वादळ पाहिजे” म्हणायच्या. मुख्याध्यापकांचं चित्र काढायच्या स्पर्धेत पहिलं आलेलं चित्र मुख्याध्यापकांपासून तीन वर्षं कसं लपवून ठेवलं, ते त्यांनी असं रंगवून सांगितलं होतं की हसता हसता तात्यांच्या हातून पाना पडला. एरवी या घरात आवाज म्हणजे एक नळाचा आणि दुसरा शेजारच्या टीव्हीचा. बाई यायच्या त्या दिवशी तात्या दाढी करायचे. हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

पण एक गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. आपण साफ केलेली गाडी दीड महिन्यात परत येते म्हणजे काय? चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. हात कापायला लागला? नजर गेली? रात्र रात्र ते कूस बदलत राहायचे. म्हणून आज त्यांनी साफ करण्याआधीच एकदा माप घेऊन ठेवलं होतं.

“बघा!” तात्या जवळजवळ ओरडलेच. “चारही सारख्या. आणि हे सकाळचं माप, हात लावायच्या आधीचं. तेही सारखंच!”

“म्हणजे?”

“म्हणजे गाडीत काही नव्हतंच, बाई! माझ्या कामात खोट नाही.”

बाईंनी बाटल्यांकडे पाहिलं. “पण चढावर...”

“चला, दाखवतोच.”

इंजेक्टर परत बसवून तात्यांनी टेकडीचा चढ तीनदा चढून दाखवला. गाडी लोण्यासारखी गेली. परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखे तात्या खूश होते.

“मला मात्र झटका जाणवायचा,” बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

“मनाचे खेळ हो! आता वर्षभर इकडे फिरकायला नको तुम्हाला. उगीच हेलपाटे.”

“बरं,” बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या चहाला थांबल्या नाहीत.

दीड महिना झाला. तात्यांनी दोन दिवस लागोपाठ दाढी केली, मग सोडून दिली. दुसरा महिनाही गेला. एका दुपारी ते टेबल आवरायला बसले आणि आवरता आवरता त्यांच्या लक्षात आलं, की बाई आल्या की गाडीचं बोलणं पाच मिनिटांत संपायचं. उरलेले तास कशाचे होते? आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. एक माणूस आपल्याकडे येत होतं, आणि येण्याचं कारणच नाही हे आपण मापं काढून सिद्ध केलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि वर शाबासकीची वाट बघितली!

त्यांनी फोन लावला.

“बाई, मी तात्या. गाडी... गाडी कशी आहे?”

“अय्या, तुम्ही! छान आहे हो. एकदम छान.”

“झटका वगैरे?”

“एकही नाही. तुमच्या हाताला गुण आहे.”

आता बोलायचं होतं. तात्यांनी तोंड उघडलं, आणि चौतीस वर्षांची सवय त्यांच्या आधी बोलून गेली. “मग काळजी नको. वर्षभर बघायला लागणार नाही.”

“हो ना,” बाई म्हणाल्या. “बरं तात्या, ठेवते. जपा स्वतःला.”

तात्या फोन हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्या रिकाम्या खोलीत ते मोठ्याने म्हणाले, “नुसत्याच या की कधीतरी, बाई. गाडी नका आणू.”

वाक्य कसं सरळ आलं, कुठेही अडखळलं नाही.