उजवा कान झाकल्यावर

दर रविवारी सकाळी हेडफोनच्या त्या दुकानाच्या जिन्यावर रांग लागायची. रांगेतल्या बहुतेकांच्या घरी एक-दोन भारी हेडफोन आधीच होते. ते नवा घ्यायला आले नव्हते, आपल्या कानाचा पिंड ओळखून घ्यायला आले होते. वरच्या खोलीत जाड गालिचा, भिंतींवर आवाज गिळणारे फोमचे पट्टे, मधोमध एकच खुर्ची, टेबलावर तीन हेडफोन आणि भोवती दाटीनं उभी गर्दी. दार लागलं की रस्त्याचा आवाज असा काही तुटायचा की भांडकुदळ माणूसही कुजबुजत बोलू लागायचा.

दुकानाच्या मालकाला सगळे 'सर' म्हणत.

"तुमचा कान उष्ण आहे," एका निवृत्त जहाजी कप्तानाच्या कानामागे दोन बोटं टेकवून, डोळे मिटून सर म्हणाले. "आणि आजवर तुम्ही थंड पिंडाचे हेडफोन वापरत आलात. म्हणून गाणं ऐकल्यावर तुमची चिडचिड होते. होते की नाही?"

"होते," कप्तान म्हणाला.

"न ऐकताही होते," मागून त्याची बायको म्हणाली. खोलीत खसखस पिकली. सरही हसले. हसणाऱ्यांकडून आपल्याला धोका नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पहिला हेडफोन चढवला. कप्तानानं नाक मुरडलं. दुसरा बरा वाटला. तिसरा चढवला तेव्हा सरांचा डावा हात कप्तानाच्या खांद्यावर होता आणि उजवा कोटाच्या खिशात. कप्तानाचा चेहरा उजळला.

"अरे! काच पुसल्यासारखं झालं! प्रत्येक वाद्य वेगळं दिसतंय!"

"हा तुमचा," सर हलकेच म्हणाले. "मी नाही निवडला. त्यानं तुम्हाला निवडलं."

"याने तर हेडफोनची कुंडलीच मांडली," ताई भावाच्या कानाशी पुटपुटली.

"तू गप्प बस. बाबांची पाळी आहे," भाऊ म्हणाला.

ताई रेडिओ केंद्रावर ध्वनिसंपादक होती. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा म्हणून केंद्रावरही सगळे ताईच म्हणत. भाऊ विमा कंपनीत होता आणि गेली दोन वर्षं सरांचा निस्सीम भक्त. त्यांचे बाबा पियानो सुरात लावायचं काम करत. शाळा, सभागृहं, श्रीमंतांचे दिवाणखाने, सगळीकडून त्यांनाच बोलावणं यायचं. मागच्या आठवड्यात एका सकाळी ते उठले तेव्हा डावा कान मेला होता. दुखणं नाही, खुपणं नाही. आदल्या रात्री होता, सकाळी नव्हता. उरली होती आत एक बारीक, न थांबणारी शिट्टी.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी तपासून भारी गोळ्या सुरू केल्या होत्या आणि बजावलं होतं, "ही कानाची आणीबाणी आहे. औषधाचा उपयोग होतो तो सुरुवातीलाच. एकही गोळी चुकवू नका. वेळ गेली की ऐकू येणं परत आणता येत नाही." गोळ्यांनी बाबांची झोप उडाली, हातांना कंप सुटला, रक्तातली साखर चढली. तेव्हा भावानं सरांचं नाव काढलं.

बाबा खुर्चीत बसले. सरांनी कानामागे बोटं टेकवली आणि बराच वेळ डोळे मिटून मान हलवत राहिले.

"कान मेलेला नाही," शेवटी ते म्हणाले. "रुसलाय. आयुष्यभर तुम्ही त्याला दुसऱ्यांचे सूर ऐकवलेत. त्याचा स्वतःचा सूर कधी ऐकवलात?" गर्दीतून कुणीतरी सुस्कारा सोडला. सरांनी तिसरा हेडफोन चढवला. "उजवी बाजू मी पूर्ण बंद केली आहे. आवाज फक्त डावीकडे सोडतोय."

बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग त्यांचं बोट हळूहळू वर गेलं.

"येतंय," ते म्हणाले. "लांबून येतंय... पण येतंय!"

टाळ्या पडल्या. कप्तानाच्या बायकोनं डोळे पुसले.

"पण जरा उजवीकडूनच आल्यासारखं वाटतंय हो," बाबा म्हणाले.

"सुरुवातीला तसंच वाटतं. कान जागा होतोय," सर म्हणाले. "आता त्या गोळ्या बंद करा. औषधानं नस जड होते. रोज एक तास फक्त हा हेडफोन."

तो हेडफोन विकत घेऊन घरी येईपर्यंत भाऊ जमिनीपासून वीतभर वर चालत होता. ताईनं मात्र जेवणाच्या टेबलावरच तोंड उघडलं.

"गोळ्या बंद करायच्या नाहीत. तो माणूस दुकानदार आहे, डॉक्टर नाही."

"तुला ऐकायला आलं नाही का? बाबांना ऐकू आलं!"

"मी स्वतः तपासल्याशिवाय मानणार नाही."

"तपास ना! तुझं तर कामच आहे ते."

खरंच ते तिचं काम होतं. ताईनं केंद्रावरून आवाज मोजायचं यंत्र आणलं, हेडफोनच्या उजव्या बाजूला आवाजाचा टिपूसही जात नाही हे मोजून पाहिलं. मग स्टुडिओत निवेदकांना सांगायची तसं बाबांना सांगितलं, "बोलायचं नाही. ऐकू आलं की हात वर." स्टुडिओचा हा नियमच होता. माइक चालू असताना कुणी तोंड उघडत नाही, सगळा कारभार हातांनी चालतो. तिनं डावीकडे आवाज सोडला, हात वर. थांबवला, हात खाली. मुद्दाम चकवून पुन्हा सोडला, हात वर. एकदाही चूक नाही.

ताई यंत्राकडे पाहत राहिली. सर भोंदू आहेत याबद्दल तिला अजूनही शंका नव्हती. पण समोरचा हात वर जात होता, आणि तिला जन्मभर शिकवलं गेलं होतं ते हेच, की यंत्र काय सांगतं ते पाहा.

"काय म्हणतं तुझं विज्ञान?" भाऊ म्हणाला.

तिनं यंत्र बंद केलं. गोळ्यांचं पाकीट त्या रात्री खणात गेलं. तिनं ते जाताना पाहिलं.

पुढचे दिवस घरात आनंदाचे होते. बाबा रोज संध्याकाळी खिडकीजवळ बसून तासभर डावीकडचा आवाज ऐकत. त्यांना झोप लागू लागली, हातही स्थिरावले. भाऊ म्हणे, बघा, औषधाचं विष उतरतंय. आवाज मात्र रोज थोडा वाढवावा लागत होता.

मग एका दुपारी ताईनं कामावरून घरी फोन केला. बाबांनी उचलला. "हॅलो? हॅलो?" ते म्हणत राहिले. "कोण आहे? बोला की!"

"बाबा, मी आहे!"

"हॅलो? कुणी बोलतच नाही." मग पलीकडे भावाचा आवाज, "बाबा, डाव्या कानाला काय लावताय? उजव्या कानाला धरा." आणि लगेच बाबा, "हां, बोल गं. तू होय!"

हेडफोनमधलं गाणं ऐकू येणारा कान मुलीची हाक ऐकत नव्हता. त्या दोन आवाजांत फरक एकच होता. गाणं खूप मोठ्यानं लावलेलं असायचं.

बाबांनी गोळ्या बंद केल्याचं डॉक्टरीणबाईंनी ऐकलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. तेच जास्त वाईट होतं. त्यांनी बाबांना काचेच्या खोलीत बसवलं, डाव्या कानात सूर सोडला. बाबांचा हात वर गेला.

"बघा," भाऊ म्हणाला.

"बघते आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी एक कळ दाबली. "आता उजव्या कानात मी नुसता खरखराट सोडलाय. नळ सोडल्यावर येतो तसा. तो कान त्या खरखरीत गुंतलेला राहील. आता डाव्या कानात तोच सूर, तेवढाच मोठा."

बाबांचा हात गुडघ्यावरच राहिला. बाईंनी सूर वाढवला. हात हलला नाही. आणखी वाढवला. काचेपलीकडे बाबा त्यांच्याकडे पाहत वाट बघत होते, चाचणी अजून सुरू व्हायची आहे असं समजून.

भाऊ काचेजवळ जाऊन बाबांच्या हाताकडे पाहू लागला.

"कवटी हाडाची असते," बाई म्हणाल्या. "डावीकडे मोठा आवाज सोडला की हाड थरथरतं आणि तो आवाज उजव्या कानापर्यंत पोचतो. तिथे तो बारीक, लांबून आल्यासारखा ऐकू येतो. चांगला कान गुंतवून ठेवल्याशिवाय वाईट कान तपासला, तर उत्तर चांगला कान देतो. तुम्ही घरी तपासलंत तेव्हा त्यांना विचारलंत का, आवाज कुठून येतोय?"

"नाही," ताई म्हणाली. "मी फक्त हात वर करायला सांगितलं. बोलू नका म्हटलं."

"बोलू दिलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं."

"त्या सरांना हे माहीत असेल?" भावानं विचारलं.

"असेल किंवा नसेल. तुमच्या वडिलांच्या कानाला त्यानं काय फरक पडतो?"

त्यांनी कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं दिली. आशा ठेवू नका, असंही सांगितलं. इंजेक्शनं संपली. कान आला नाही. शिट्टी मात्र राहिली, आणि तिचा सूर नेमका पियानोच्या वरच्या पट्ट्यांच्या तारांशी भिडलेला. दोन तारा जुळल्या की नाही हे त्यांच्यातल्या बारीक थरथरीवरून कळतं. ती थरथर बाबांना आता शिट्टीतून वेगळी काढता येईना. एका सभागृहाचं काम त्यांनी अर्ध्यावर सोडलं आणि हत्यारांची पेटी उचलून घरी आले.

पुढच्या रविवारी बाबाच म्हणाले, "मला त्या खुर्चीत पुन्हा बसायचंय."

खोली तशीच गच्च भरलेली होती. कप्तान आणि त्याची बायकोही आले होते. सरांनी त्यांना पाहताच हात पसरले. "या, या! हे बघा, ज्यांचा मेलेला कान आपण उठवला ते गृहस्थ!"

"पुन्हा उठवा," बाबा म्हणाले आणि बसले.

सरांनी हेडफोन चढवायच्या आत ताईनं बाबांच्या उजव्या कानात इअरफोनचं एक छोटं बोंड बसवलं. त्यात खरखर चालू होती. "तुमची काही हरकत नाही ना? कान तर डावा ऐकणार आहे," ती म्हणाली. इतक्या लोकांसमोर सरांना हरकत घेता आली नाही. त्यांनी आवाज सोडला. बाबा स्वस्थ. सरांनी खिशात हात घातला. बाबा स्वस्थ. हेडफोनच्या कडेतून गाणं आता पहिल्या रांगेलाही ऐकू येऊ लागलं.

"सुरू करा की," बाबा म्हणाले.

पहिल्या रांगेतल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुमचं मन बंद आहे," सर म्हणाले. "शंका घेऊन आलं की कान मिटतो."

"मन उघडं ठेवूनच आलो होतो हो मागच्या वेळी," बाबा म्हणाले. "गोळ्याही सोडल्या होत्या तुमच्या शब्दावर."

ताईनं पिशवीतून आवाज मोजायचं यंत्र काढलं आणि तिन्ही हेडफोनांच्या आत एकेक करून धरलं. तिसऱ्यात आकडा झपकन वर चढला. "खिशातला रिमोट टेबलावर ठेवा, सर. कप्तानसाहेब, तुम्ही जरा डोळे मिटून बसता?"

सर म्हणाले, हा अपमान आहे. कप्तानाची बायको म्हणाली, "बसा हो तुम्ही. अपमान त्यांचा होतोय, तुमचा नाही." कप्तान बसला. ताईनं तिन्हींचा आवाज यंत्रावर एकसारखा केला. कप्तानाला तिन्हींतला फरक सांगता येईना. मग तिनं पहिल्याचा आवाज केसभर वाढवला.

"हाच! हाच माझा!" कप्तान ओरडला आणि डोळे उघडून पाहिलं, तर कानावर तोच, ज्याला त्यानं नाक मुरडलं होतं.

"यात पिंडबिंड काही नाही," ताई लोकांकडे वळून म्हणाली. "आवाज जरासाच वाढवला तर कानाला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. रेडिओवर पहिल्या दिवशी शिकवतात हे. हेडफोन घ्यायचाच असेल तर सगळ्यांचा आवाज आधी सारखा करून घ्या. किंमत बघू नका, नाव बघू नका. तुम्हाला पाठ असलेलं गाणं लावा आणि बराच वेळ ऐका. कुणाला दणकट ठेका आवडतो, कुणाला स्वच्छ गळा. ते तुमचं तुम्हाला कळेल. त्याला कानामागे बोटं टेकवावी लागत नाहीत."

काही जण गुपचूप जिना उतरले. एकानं ताईलाच सुनावलं, "आमचा आनंद हिरावून तुम्हाला काय मिळालं?" दुसऱ्यानं सरांना बाजूला घेऊन विचारलं, "ते राहू द्या सर, पण माझा पिंड उष्णच आहे ना?" सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुकान त्या दिवशी बंद पडलं नाही.

जिन्याच्या खालच्या पायरीवर एक बसचालक गणवेशातच उभा होता. वर काय झालं ते त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

"काका, तुमचाच कान यांनी बरा केला ना? माझाही परवा असाच अचानक गेला. उजवा," तो म्हणाला. "डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पण त्यांनी कसंसंच होतं. म्हटलं आधी इथे दाखवावं."

"गोळ्या कुठे आहेत?"

"खिशात."

"आजची घेतलीस?"

"नाही अजून."

बाबांनी त्याचा दंड धरला. "वर जाऊ नकोस. मला त्या खोलीत ऐकू आलं होतं, अगदी खरं ऐकू आलं होतं. ते उजव्या कानानं ऐकलं होतं, आणि मी डाव्याचं औषध बंद केलं. आपल्याला काय वाटलं एवढ्यावर विसंबायचं नाही. असं का वाटलं, ते आधी तपासायचं. तपासून देणारी माणसं आहेत. तुझा कान अजून वाचू शकतो. माझा नाही."

"उद्या सुट्टी आहे माझी. उद्या जाऊ डॉक्टरांकडे?"

"गोळी आत्ता घे," बाबा म्हणाले. "आणि डॉक्टरकडे आजच. चल, मी येतो."

भाऊ पाण्याची बाटली आणायला रस्ता ओलांडून पळाला.