दोन छिद्रांचा डबा

स्कूटर सुरू होत नसेल तर आधी टाकी बघावी.

रामकिसननं बघितली. सीट उचलली, झाकण फिरवून काढलं, वाळकी काडी आत बुडवली. काडी अर्ध्यापर्यंत ओली. पेट्रोल आहे. त्यात तेल मिसळलंय तेही त्यानं स्वतःच्या हातानं. झाकण लावलं.

मग प्लग बघावा.

पण प्लगआधी थर्मास. कारण खरी घाई थर्मासला होती.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस आलाच नव्हता. लोहाऱ्यापासून काही कोसांवर कोरड्या तळ्यात जनावरांची छावणी पडलेली, आणि तिथं काल दोन म्हशी गळा सुजून मेल्या. घटसर्प. उरलेल्या जनावरांची लस सकाळच्या एसटीनं उस्मानाबादहून आली होती, बर्फात ठेवून. बर्फ आहे तोवर ती लस. बर्फ वितळला की बाटलीत राहील ते टोचलं काय अन् न टोचलं काय.

रामकिसन बनसोडे दूध संघाकडे जनावरं बघायचा. कागदावर स्टॉकमन, लोकांच्या तोंडी डॉक्टर. स्कूटर संघाची. थर्मास शांताक्काच्या हातात, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. बाजारपेठेत करडीच्या तेलाचं दुकान एकटीनं चालवणारी ही बाई. रामकिसन तिच्याच मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा आणि स्कूटर तिच्या छपरात लावायचा. तिची म्हैस छावणीत होती. चंद्री. म्हणून सकाळी तिनं दुकानाला कुलूप घातलं, पदर खोचला आणि मागच्या सीटवर येऊन बसली. अख्खी पेठ बघत होती.

"लोक बघतायत, अक्का."

"बघू द्या. त्यांस्नी बी करमणूक पायजे. चला."

आता प्लग. रामकिसननं पान्यानं काढला, इंजिनाला टेकवला, किक मारली. निळी ठिणगी. प्लग मात्र कोरडा ठणठणीत. तरी त्यानं तो रुमालानं पुसला, परत बसवला, किक मारली.

सुरू.

"प्लगच होता," रामकिसन म्हणाला.

शांताक्कानं थर्मास हलवून कानाशी धरला. बर्फ खडखडला. "चला, चला."

*

बंद.

दुष्काळी कामाची खडी फोडणारी माणसं बसली होती, बरोबर त्यांच्यासमोर. स्कूटरनं आधी घरघर केली, मग एक आचका दिला आणि गप्प झाली. रामकिसननं पुन्हा सीट उचलली, झाकण काढलं, बघितलं, लावलं. पेट्रोल कुठं जाणार?

कोंडिबा नावाचा म्हातारा हातोडा ठेवून आला. "सायब, वाकडी करा."

"कशाला?"

"वाकडी केल्याबिगर ह्या चालत न्हायत. आमच्या साडूच्या गावचा सरपंच रोज सकाळी वाकडी करतो. आधी वाटायचं नमस्कार घालतोय."

शांताक्का हसली. रामकिसननं स्कूटर वाकडी केली. कोंडिबानं ती बैल पाण्यावर वाकवावा तशी मायेनं धरली. मग सरळ केली, किक मारली.

सुरू.

"बगा," कोंडिबा म्हणाला, आणि खडीवर बसलेल्या सगळ्यांनी बघितलं.

म्हणजे आता दोन निदानं झाली : प्लग आणि वाकडेपणा. दोन्ही गुणकारी.

शांताक्कानं थर्मास हलवला. खडखड कमी, खुळखुळ जास्त. गोणपाट वाळलं होतं. तिनं आपली पाण्याची बाटली त्यावर रिकामी केली. प्यायची होती ती.

*

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. एक बाभूळ, बाकी ऊन.

(इथं खरं तर कार्बोरेटर उघडावा. नळीत कचरा आहे का बघावं. हवेची जाळी धुवावी. हा क्रम सावलीत बसून ठरवलेला असतो.)

रामकिसनच्या शर्टाची पाठ पांढरी पडली होती. त्यानं पाना काढला.

"थांबा," शांताक्का म्हणाली. "प्लगला हात लावू नका. वाकडी बी करू नका. नुसतं झाकण काढा."

"पेट्रोल आहे अक्का, दोनदा बघितलं."

"म्हून तर. दोनदा झाकण काढलं, दोनदा चालू झाली. काढा."

त्यानं झाकण फिरवलं. टाकीनं फुस्स करून हवा आत ओढली.

शांताक्का जागच्या जागी थांबली. हा आवाज ती रोज सकाळी ऐकायची. तेलाच्या डब्याला दोन छिद्रं पाडावी लागतात. एकातून तेल पडतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच असेल तर तेल दोन घुटके देतं आणि अडून बसतं. रात्री मुंग्या लागू नयेत म्हणून ती दोन्ही छिद्रं साबणानं बुजवायची. सकाळी हवेचं आधी मोकळं करायचं, मग तेलाचं.

"डॉक्टर, ह्या झाकणाला बारीक भोक आसतंय न्हवं?"

"असतं. हवेसाठी."

"ते म्या बुजवलंय."

रामकिसननं झाकण उलटंपालटं केलं. वरच्या बाजूला साबणाचा बोळा होता, आत दाबून बोटानं गुळगुळीत केलेला. कडेला एक कणही सांडलेला नव्हता. हे काम इतकं सफाईचं होतं, की माहीत असल्याशिवाय दिसलंच नसतं.

"कधी?"

"काल सांजच्याला. छपरात लई वास मारत व्हता. म्हनलं पेट्रोल उडून चाललंय. आवंदा रांजण झाकला, घागरी झाकल्या, कुत्र्याची थाळी झाकली. ह्ये उघडं कशाला ठिवू?"

तिचा आवाज खाली आला नाही. केलं ते केलं, कशासाठी ते सांगितलं. रामकिसनला रागवायचं होतं, पण त्या उन्हाळ्यात एक थेंब वाया जाऊ नये म्हणून धडपडणाऱ्या बाईवर रागवायचं कुठून सुरू करावं ते त्याला सापडेना.

"अक्का, हा डबा तुमच्या दुकानात असता तर?"

"माझ्या दुकानात आसता तर म्या दुसरं भोक बुजवून तेल वतायला बसले आसते का? याड लागलंय व्हय? पर ह्यो डबा हाय ह्ये कुनी सांगितलं मला. तुमी तर स्कूटर म्हनता."

तोवर तिनं बाभळीचा लांब काटा मोडून घेतलाही होता. काटा छिद्रात घातला, फिरवला, साबण कोरून काढला. मग झाकण तोंडाला लावून फुंकलं. हवा आरपार गेली. ती थुंकली.

"ह्ये पिऊन चालती व्हय ही? म्हून आशी भुंकती."

किक.

एकच.

*

छावणीपर्यंत स्कूटर कुठंही थांबली नाही. याच्यावर लिहिण्यासारखं काही नाही; चालू असलेल्या यंत्राची गोष्ट होत नाही.

थर्मास उघडला. बाटल्यांच्या मधे बर्फाचा तुकडा शिल्लक होता, सुपारीएवढा. रामकिसननं बाटलीला बोट लावून बघितलं. गार. त्यानं मोठा श्वास सोडला आणि सुई भरली.

जनावरं धरायला माणसं होती, पण शांताक्का स्वतः शिंगं धरत होती. चंद्री अगदी पलीकडच्या टोकाला बांधलेली. कुणीतरी म्हणालं, "अक्का, तुझीला आधी टोचून घे, एवढी आलीस." तिनं मान हलवली. "वळीनं येऊ दे." आणि शिंगं धरता धरता ती सगळ्या छावणीला सांगत होती :

"बंद बी म्याच पाडली. चालू बी म्याच केली. डॉक्टर नुसतं किक मारत व्हते."

"खरंय," रामकिसन म्हणाला. त्याला ते मनापासून पटलं होतं.

चंद्री शेवटी आली. सुई झाली. बाटली संपली. शांताक्कानं थर्मासमध्ये हात घालून उरलेला बर्फ काढला. तो आता नखाएवढा होता. तळहात तिनं चंद्रीच्या तोंडाशी नेला.

म्हशीनं आधी वास घेतला. मग खरखरीत जीभ बाहेर आली आणि तळहात एकदम रिकामा झाला. चंद्री तो तसाच चाटत राहिली, बर्फ संपल्यावरही. शांताक्कानं हात काढून घेतला नाही.