वाकड्या टाक्यांची मालकीण

"इथली थरथर कुठे गेली?" चष्मेवालीने विचारलं, आणि धाकटीने हातातली लहान कात्री हळूच खिशात सरकवली.

चष्मेवाली म्हणजे शहरातून आलेली चित्रकार. चष्मा कायम डोक्यावर, आणि ती तो दिवसभर शोधत फिरायची. भरतकामाच्या केंद्रात राहून ती तिथल्या बायकांबरोबर नदीच्या चित्राचा एक भलामोठा पडदा करणार होती. याला रेसिडेन्सी म्हणतात, असं मॅनेजरबाईंनी समजावून सांगितलं तेव्हा थोरली म्हणाली होती, "म्हणजे पाहुणीच की! मग सरळ पाहुणी म्हणा. चहाला आधण किती ठेवायचं ते कळलं म्हणजे झालं."

थोरली आणि धाकटी जावाजावा. घरात एका ओट्यावर दोघींचं कधी पटलं नाही आणि केंद्रात कापड ताणलेल्या एका चौकटीवर कधी बिनसलं नाही. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. थोरलीने तिला शिकवलं. शिकवलं म्हणजे, टाका चुकला की अंगुस्तान घातलेल्या बोटाने डोक्यात टिचकी मारली. त्या टिचक्या खाऊन खाऊन धाकटीचा हात पट्टीने आखल्यासारखा चालू लागला.

हल्ली काही महिने थोरलीचा हात कापत होता. हे थोरली सोडून सगळ्या घराला ठाऊक होतं. चहा बशीत सांडला तर कप फार हलका होता. कुलपाला किल्ली लागली नाही तर कुलूप गंजलं होतं. टाका वाकडा गेला तर, "दोरा पूर्वीसारखा येत नाही गं आता!"

घरात हे चालून जायचं. केंद्रात चालण्यासारखं नव्हतं. तिथे जिचा हात गेला तिला खिडकीजवळच्या टेबलावर दिवसभर बटणं लावायला बसवत. चौकटीच्या डोक्याशी उभं आयुष्य काढलेली थोरली बटणं लावत बसली आहे, हे चित्र धाकटीला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. म्हणून रोज दुपारी डबा खाऊन थोरलीने चौकटीवर मान टेकली की धाकटी लहान कात्री काढायची, थोरलीचे वाकडे टाके उसवायची आणि त्या जागी आपले घालायची. डुलकी संपली की थोरली कामावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "बघ, याला म्हणतात हात!" धाकटी मान डोलवायची. उसवण्यापेक्षा हे मान डोलवणं जास्त जड जायचं. त्यात थोरलीची कुरकुर, की मेली ती लहान कात्री कुठे गेली, या केंद्रात कात्रीला पाय फुटतात.

आणि आता ही बया फोन घेऊन उभी होती.

"हे बघा. सकाळी फोटो काढला तेव्हा नदीची ही कडा थरथरत होती. पाणी वाहतंय असं वाटत होतं. आणि आता? कालवा झालाय नुसता!"

"वाकडे टाके? आमच्याकडे?" मॅनेजरबाई धावत आल्या. "कुणाचे?"

धाकटीने थोरलीकडे बघायचं टाळलं. "माझे. मीच वाकडे घातले, मीच उसवले."

"तरी मी म्हणतेच!" थोरली कडाडली. "इतकी वर्षं शिकवलं, अजून हिला सुई धरता येत नाही. माझं नाव घालवणार ही."

"हो, जाऊबाई."

चष्मेवालीने मात्र धाकटीचे दोन्ही हात धरले. पडद्यावरची सगळी नदी आता धाकटीनेच भरायची, अगदी तशीच! थोरलीला काठावरची झाडं मिळाली. प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

इथून धाकटीची पंचाईत सुरू झाली. तिला वाकडा टाका येईना. डाव्या हाताने घालून पाहिला. लंगड्या स्टुलावर बसून पाहिला. डोळे मिटून पाहिला, तेव्हा सुई बोटात घुसली, पण टाका सरळच. एखादा वाकडा गेलाच तर पुढचे सगळे त्याच्यामागे शिस्तीत तेवढेच वाकडे. शेवटी घरी नवऱ्याला म्हणाली, "मी टाका घालते, तुम्ही माझं कोपर हलवा." त्याने इमानेइतबारे हलवलं. "यासाठी मला चहावरून उठवलंस?" तो म्हणाला. "ही कला असेल तर मी मोठा कलावंत आहे."

दुसऱ्या दिवशी धाकटीने केंद्रात नदीची कडा कशीबशी वाकडी भरली. चष्मेवालीने ती बराच वेळ पाहिली. "मेहनत घेतलीये तुम्ही," ती हळूच म्हणाली, "पण हे वाकडेपण पाठ केल्यासारखं वाटतंय. तो हात हा नाही."

"मग कुणाचा?" मॅनेजरबाईंना आता वेगळाच वास येऊ लागला. "उद्या सगळ्याजणींनी माझ्यासमोर एकेक ओळ घालायची. कळू दे काय ते."

त्या संध्याकाळी धाकटीने घरी शेवटचा प्रयत्न केला. "जाऊबाई, उद्या घरीच आराम करा. चेहरा उतरलाय तुमचा."

"तुझ्या हातचं खाऊन उतरलाय," थोरली म्हणाली आणि पाठ फिरवून भांडी लावू लागली. एक वाटी हातातून निसटली. वाटीला मात्र ती काही बोलली नाही.

सकाळी सगळ्याजणी चौकटीभोवती जमल्या. पहिला नंबर धाकटीचा. तिने सुई उचलली, मनात सगळे देव आठवले आणि एक ओळ घातली. सरळ, सुरेख. रडूच यायचं बाकी होतं.

"सरक," मागून आवाज आला.

थोरली तिच्या जागेवर येऊन बसली. तिने सुई घेतली. हात कापत होता, सगळ्यांना दिसेल असा. दोऱ्याला नावं न ठेवता तिने टाका घातला, मग दुसरा, मग तिसरा. कापडावर नदी पुन्हा वाहू लागली.

"इतकं शिकवलं," ती धाकटीला म्हणाली, "पण तुला वाकडंही नीट घालता येत नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. चष्मेवालीने चष्मा डोळ्यांवर ओढला. तो तिला पहिल्यांदाच न शोधता सापडला. मॅनेजरबाईंची नजर खिडकीजवळच्या टेबलाकडे गेली. ती थोरलीने बरोबर पकडली.

"जाईन मी तिकडे," ती म्हणाली. "नदी संपली की जाईन. पाहुणीचं काम अर्धवट ठेवायचं नाही." आणि मान वर न करता धाकटीला म्हणाली, "ती कात्री दे इकडे. किती दिवस लपवणार आहेस?"

धाकटीने खिशातून लहान कात्री काढून चौकटीवर ठेवली. डोळे भरून आले तसं तिने तोंड फिरवलं.

दुपारी डबा खाऊन थोरलीने नेहमीसारखी चौकटीवर मान टेकली. धाकटी तिच्या शेजारी बसून राहिली. थोरलीच्या कपाळावर एक माशी घिरट्या घालत होती, ती तेवढी हाताने वारत राहिली.