चौथीचा जादा तास

“चौथी म्हंजी उंबरठा,” कुंडलिक गुरुजी म्हणाले. “इथवर पोरगं तुमचं. इथनं पुढं त्याला शिंगं फुटत्यात.”

जूनची पालकसभा होती. आम्ही वीसेक पालक मुलांच्या सतरंज्यांवर मांडी घालून बसलो होतो आणि गुरुजी बोटांवर मोजत वर्षभरात काय काय होणार ते सांगत होते. तीन अंकी भागाकार येईल. शिवरायांचा इतिहास येईल. पोरगं उलट बोलेल, हात उगारू नका. दप्तर स्वतः भरेल, वह्या विसरेल, विसरू द्या. गणित सुटलं नाही की रडेल, तेव्हा शेजारी बसा, पण उत्तर सांगू नका. सगळं शहाणपणाचं होतं, ऐकायलाही बरं वाटत होतं.

“आन् शिष्यवृत्तीची परीक्षा परत चौथीला आली हाय. तिच्यासाठी शाळा सुटल्यावर जादा तास घेऊ. हुशार सात-आठ पोरं निवडू.”

निवडू म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पंचवीस वर्षांपूर्वी हाच माणूस माझ्या माहेरच्या शाळेत चौथीला शिकवत होता. बदल्या होत होत आता माझ्या सासरच्या गावात आला होता. त्यानं मला ओळखलं नव्हतं. आडनाव बदललेलं, अंग सुटलेलं, नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोची प्रतवारी करून हातांची सालं गेलेली, ओळखणार कसा? मी मात्र त्याला पाठमोरासुद्धा ओळखला असता.

गणितात माझा वर्गात पहिला नंबर होता. त्या वर्षी उसात बिबटे माजले होते. गुरुजींनी शिष्यवृत्तीच्या जादा तासाची सहा नावं वाचली, सगळी गावठाणातली. मी उभी राहिले, तर म्हणाले, “तुझा मळा लांब. अंधारात तुला सोडायचं कुणी?” माझे वडील, भिमाजी, टोपी हातात घेऊन विनवायला गेले. मी न्यायला येतो म्हणाले. गुरुजींनी त्यांना सांगितलं, “एक दिवस याल. पिकाला पाणी द्यायचं सोडून रोज कोण येतंय?” वडील परत आले ते मनाशी ठरवूनच. पोरीत राम असता तर गुरुजींनी बसवली असती. गुरुजींचं चुकेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली.

आता मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. हे पद कुणालाच नको असतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं होतं. मी उठले.

“निवडायचं न्हाई. चौथीच्या सगळ्या अठरा पोरांचे फॉर्म भरायचे.”

“आवो, पण मळ्यातली चार पोरं? तास सुटंपतोर अंधार व्हतो. बिबट्या हाय.”

“तुमी सोडायची. घरापतोर.”

मागं कुणीतरी हसलं. गुरुजींनी चष्मा काढला. “रोज?”

“रोज. ठरावात लिवा.”

निवृत्तीला वर्ष उरलेला माणूस समितीशी वाकडं घेत नाही. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात ठराव लिहिला आणि मी खाली सही ठोकली. सूड गोड लागतो. खोटं कशाला बोलू?

आमचं घर मळ्याच्या शेवटच्या टोकाला. बाकीची तीन पोरं वाटेत आपापल्या घरी जायची आणि शेवटी माझ्या समृद्धीला घेऊन गुरुजी आमच्या दारात यायचे. काठी, बॅटरी, दुखरे गुडघे. पावसाळ्यात तर चपला हातात असायच्या. मी ओट्यावर उभी राहून बघायचे. पाणीसुद्धा विचारायचे नाही.

“अगं, गुरुजींना च्या तरी टाक,” एकदा सासूबाई म्हणाल्या. त्यांना दारातून कुणी कोरडा गेलेला चालत नाही.

“दूध नाय,” मी म्हणाले. गोठ्यात दोन जर्सी गाई रवंथ करत होत्या.

दिवाळीनंतर दिवस आखडले. माणसांचा आवाज असला की बिबट्या जवळ येत नाही, म्हणून लोक मोबाइलवर गाणी लावून उसातून जातात. गुरुजी पोरांना गणितं घालायचे आणि उत्तरं ओरडून सांगायला लावायचे. दिसायचं काही नाही, नुसते आवाज यायचे.

“सातशे छप्पन्न मोळ्या, बारा गाड्या. एका गाडीत किती?”

त्या तिघांतल्या ऋतिकनं काहीतरी चुकीचं ठोकून दिलं. मग माझ्या पोरीचा आवाज आला, “त्रेसष्ट.”

तिच्या आधी माझ्या तोंडात त्रेसष्ट आलं होतं. पोरीला मिळतंय याचा आनंद झाला, पण त्याच्याही आधी मनात आलं, हे मलाही मिळालं असतं.

परीक्षा तोंडावर आली होती. एका संध्याकाळी समृद्धी आत गेली तरी गुरुजी दारातच थांबले.

“आज पोरीनं मामाचं गाव आन् आज्याचं नाव सांगितलं. भिमाजींची वृषाली ना तू?”

“व्हय.”

कधी ना कधी हा दिवस येणार म्हणून मी वाक्यं जुळवून ठेवली होती, एकेक विखारी. त्यातलं पहिलं काढणार तोच त्यांनी विचारलं, “तुमचा मळा शाळेपासनं केवढा लांब व्हता गं?”

“याच्या निम्मा.”

त्यांनी आल्या वाटेकडे वळून पाहिलं.

“मी कधी आलोच न्हाई तिकडं,” ते म्हणाले. “मला वाटायचं, लई लांब आसंल.”

“तवा तुमचे गुडघे बी धड व्हते,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. एवढी वर्षं जे मला माहीत होतं, ते आता त्यांनाही कळलं होतं.

अशा वेळी माणूस म्हणतो, जाऊ द्या गुरुजी, झालं गेलं. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या, त्यांना माझ्या तोंडून तेच ऐकायचं होतं. गुरुजीही त्याचसाठी थांबले होते. मी म्हणाले नाही.

“उद्या तास हाय ना?” मी विचारलं.

“हाय.”

ते वळले आणि उसात शिरले. अंधार पडला होता. त्यांना सोडायला मी कुणाला पाठवलं नाही. पार ओढ्यापर्यंत त्यांच्या काठीचा आवाज येत राहिला, आणि तो ऐकू येईनासा होईपर्यंत मी ओट्यावरून हलले नाही.