उजवा पाय

मास्तरांनी दोन्ही हात डाव्या मांडीखाली घातले, पाय उचलला आणि क्लचवर नेऊन ठेवला. मग डाव्या तळहाताने गुडघा दाबला, तेव्हा कुठे क्लच खाली गेला. डावा हात असा गुडघ्यावर अडकल्यावर उजव्याने स्टिअरिंग सोडलं, तो पोटावरून आडवा आला आणि त्याने पहिला गिअर टाकला. गाडी शोरूममधली होती, चकचकीत फरशीवर बंद उभी. ती कुठे जाणार नव्हती म्हणून बरं.

“पडला की नाही गिअर?” मास्तर म्हणाले.

“पडला,” उघड्या दारापाशी उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या. “आणि स्टिअरिंग कोण धरणार? मी, बाहेरून?”

गाड्या विकणारी बाई हातातलं माहितीपत्रक फार लक्षपूर्वक वाचायला लागली.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर, आणि काकू म्हणजे त्यांची बायको. एकतीस वर्षांत शहरातल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी गाडी शिकवली होती आणि त्या निम्म्यांतल्या प्रत्येकाला एकदा तरी रडवलं होतं. ही विकणारी बाईसुद्धा त्यांचीच विद्यार्थिनी. चौदा वर्षांपूर्वी ती क्लच असा सोडायची की मागे बसलेल्यांची डोकी पुढच्या सीटवर आपटायची. मास्तरांनी तेव्हा तिचं नाव झटका ठेवलं होतं आणि आज शोरूममध्ये शिरता शिरता, तिच्या साहेबांसमोर, त्याच नावाने हाक मारली. ती हसली. मास्तरांचं कोण मनावर घेणार?

“मास्तर, तुम्ही ऑटोमॅटिक एकदा चालवून तरी बघा,” ती म्हणाली. “डाव्या पायाला कामच नाही.”

“त्याला गाडी नाही म्हणत. पाळणा म्हणतात. आपण बसायचं, कोणीतरी झोके देईल.”

हे त्यांचं जुनं वाक्य. या वाक्यापायी त्यांच्या स्कूलमध्ये ऑटोमॅटिक कधी आली नाही, आणि शेवटची चार वर्षं बरेचसे विद्यार्थी समोरच्या स्कूलमध्ये गेले. काकूंनी तेव्हाच सांगून बघितलं होतं. पण मास्तरांना काही सांगायचं म्हणजे भिंतीला सांगावं, भिंत निदान उलटून बोलत नाही.

पायाचं सुरू झालं त्याला सात महिने झाले. दुखत काहीच नव्हतं. आधी डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली, मग पाऊल उचलेना, मग घोटा. डॉक्टर आडपडदा ठेवणारे नव्हते. स्नायूंना हलवणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत, यावर औषध नाही, असं त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. “या एका पायापुरतं राहिलं तर पुष्कळ वर्षं काढाल. काहींचं राहतं. उजव्या पायावर मात्र लक्ष ठेवा. तिकडे गेलं की मग ते थांबत नाही. मग वर्षं नाही, महिने मोजायचे.”

तेव्हापासून काकू सकाळी स्वयंपाकघरात कान देऊन उभ्या राहायच्या. मास्तर उठून यायचे तेव्हा डावी चप्पल फरशीवर घासत यायची आणि उजवी टपकन पडायची. ती टपकन पडली की काकू चहाचं आधण ठेवायच्या. मास्तरांना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, बायकोला चहाची वेळ बरोबर समजते.

आणि मागच्या आठवड्यात भर चौकात गाडी बंद पडली. मास्तर मांडी उचलून पाय क्लचवर ठेवत होते, तो घसरत होता, मागे हॉर्न वाजत होते. शेवटी एका टेम्पोतून एक माणूस उतरला, तोही त्यांचाच विद्यार्थी, आणि म्हणाला, “मास्तर, राहू द्या, मी ढकलतो.” मास्तरांची गाडी त्यांच्या विद्यार्थ्याने ढकलली. त्या दिवशी घरी आल्यावर ते पेपर उघडून बसले, पण पान काही उलटलं नाही. मग म्हणाले, “नवीन गाड्या बघून येऊ. नुसत्या बघायला.”

आता ते शोरूमच्या गाडीतून उतरले, पाय हाताने बाहेर काढून, आणि झटकाकडे न बघता म्हणाले, “चल, दाखव तुझा पाळणा.”

चालवून बघायची गाडी मागच्या आवारात होती. शोरूमच्या मागे गोदामाला वळसा घालणारा एक खाजगी रस्ता होता, वर्दळ नसलेला. मास्तर स्टिअरिंगवर बसले, काकू शेजारी, झटका मागे. डावा पाय मास्तरांनी कोपऱ्यात नेऊन ठेवला. तिथे त्याला काही काम नव्हतं, आणि काम नसल्यामुळे तो आजारीही वाटत नव्हता.

गाडी निघाली. एक फेरी झाली, दुसरी झाली. मास्तरांचा डावा हात सवयीने दोनदा गिअरकडे गेला आणि रिकामा परत आला. तिसऱ्यांदा तो मांडीवर गप्प पडून राहिला. वळणावर त्यांनी गाडी अशी वळवली की काकूंच्या मांडीवरची पर्ससुद्धा हलली नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झालेले काकूंना दिसले. एक पाय तर एक पाय. एका पायावर चालणारी गाडी जगात होती आणि ती चालवताना हा माणूस पुन्हा पूर्वीसारखा दिसत होता.

“लेकीकडे जाता येईल,” काकू म्हणाल्या. “चार तासांचा तर रस्ता.”

“साडेतीन. तुझ्या जावयाला लागतात चार.” मास्तरांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. “पण ब्रेक नरम आहे गं झटके. दोनदा दाबावा लागतो.”

“मास्तर, ब्रेक कालच तपासलाय.”

“नरम आहे. मला शिकवू नकोस.”

मास्तरांपुढे ब्रेकवर वाद घालायची छाती अजून झटकाची नव्हती. जरा वेळाने ती म्हणाली, “काकू, तुम्ही बघता का चालवून? इथे कोणी येत नाही. मला सोपी जाते तर तुम्हाला का नाही जाणार?”

काकू हसल्या. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मास्तर त्यांना शिकवायला घेऊन गेले होते. भाजी मंडईपासून पहिल्या सिग्नलपर्यंत ते ‘क्लच, क्लच’ म्हणून असे ओरडत राहिले की सिग्नलला काकूंनी दार उघडलं, भाजीची पिशवी घेतली आणि त्या चालत घरी गेल्या. गाडी तिथेच, मास्तर शेजारच्या सीटवर. तेव्हापासून काकूंनी कानाला खडा लावला होता. पण आज त्यांना हलकं वाटत होतं.

“क्लच नाही ना यात?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग यांच्याकडे ओरडायला काय उरलं? द्या इकडे.”

मास्तरही खुशीत होते. ते गाडीला धरत धरत पलीकडे आले आणि शेजारच्या सीटवर बसले. खरं म्हणजे त्यांची जागा हीच. शिकवायच्या गाडीला या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असायचा, आणि एकतीस वर्षं मास्तरांचा उजवा पाय या बाजूच्या ब्रेकवर राहिला होता. शिकणाऱ्याच्या ध्यानात यायच्या आधी तो दाबला जायचा. पुढे त्याला इतकी सवय लागली की ब्रेक नसला तरी तो दाबायचा. बसमध्ये दाबायचा, रिक्षात दाबायचा. जावयाच्या गाडीतल्या पायपुसण्याला तिथेच भोक पडलं होतं, आणि सासरे आले की जावई म्हणायचा, “बसा बाबा, तुमचा ब्रेक तयार आहे.” झोपेतसुद्धा तो पाय दचकून पुढे जायचा. काकूंच्या पोटरीने ते पुष्कळदा सोसलं होतं.

“हा ब्रेक, हा अॅक्सिलरेटर. दोन्हीला उजवाच पाय,” मास्तर म्हणाले. “आरसा बघ. आता ब्रेक हळूच सोड.”

गाडी आपणहून सरकली. काकूंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. गोदामाची भिंत गेली, वळण आलं, वळणही गेलं. काकूंना जमत होतं. साठीला दोन वर्षं उरलेली असताना त्या गाडी चालवत होत्या, आणि शेजारी मास्तर चक्क गप्प होते.

दुसऱ्या वळणावर वर्कशॉपचं मागचं दार होतं. त्या दारातून एक टायर गडगडत बाहेर आला, थेट गाडीसमोर, आणि त्याच्यामागे तो पकडायला एक मेकॅनिक वाकून धावत आला. त्याचं सगळं लक्ष टायरकडे.

काकूंचा पाय ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी थांबली, तिघेही पुढे जाऊन मागे आले. मेकॅनिक बंपरपासून दोन हातांवर होता. त्याने कपाळाला हात लावला, काकूंना नमस्कार केला आणि टायरमागे निघून गेला. टायर भिंतीला टेकला, थोडा डुलला आणि आडवा झाला.

“काकू, काय थांबवलीत,” झटका मागून म्हणाली. “मास्तर, बघितलंत ना?”

काकू डोळे मिटून बसल्या होत्या. आता आरडाओरडा होणार, इंजिनापेक्षा मोठा, म्हणून त्यांनी मान खांद्यांत ओढून घेतली होती. आरडाओरडा झालाच नाही. त्यांनी डोळे उघडले आणि शेजारी बघितलं.

मास्तर खाली बघत होते. त्यांचा उजवा बूट जिथे होता तिथेच होता, पायपुसण्याच्या अलीकडे, जरासा बाहेरच्या बाजूला कललेला. ते त्या बुटाकडे असे बघत होते, जणू ती दुसऱ्याच कुणाची वस्तू आहे. मग चवडा थोडा हलला, उचलायचा प्रयत्न केल्यासारखा, आणि पुन्हा टेकला. मेकॅनिक एव्हाना टायर घेऊन आत गेला होता.

“ब्रेक तर...” काकू म्हणाल्या आणि थांबल्या.

ब्रेक नरम नव्हता. त्यांच्यासारख्या नवशिकीने तो दाबला होता, घाबरून, एकदाच, आणि गाडी जागेवर थांबली होती.

काकूंनी ब्रेकवरचा पाय काढला नाही. झटकाला वाटलं, काकू घाबरल्या.

“आरशात बघितलं नाहीस,” मास्तर शेवटी म्हणाले, साध्या आवाजात. “थांबायच्या आधी मागे बघायचं असतं. आता सोड ब्रेक. हळूच.”

काकूंनी हळूच सोडला. गाडी परत आवारात आणून लावली तीही त्यांनीच. उतरताना मास्तरांनी आधी डावा पाय हातांनी बाहेर काढला. मग उजवा काढला, आणि तेव्हाही हात लावला. काकूंनी ते पाहिलं आणि त्या पर्सचा बंद नीट करत राहिल्या.

आत टेबलापाशी झटकाने खुर्च्या दिल्या, कागद पुढे ओढला.

“मग, मास्तर? पाळणाच ना?”

“पाळणाच.”

झटकाचा चेहरा खुलला. “खरं सांगू, मला वाटलं नव्हतं तुम्ही ऐकाल. बघा आता, दहा वर्षं तरी आरामात चालवाल. फक्त गाडी यायला सहा आठवडे लागतील. गिअरवाली हवी असती तर याच आठवड्यात दिली असती.”

“सहा आठवडे नकोत. आत्ता चालवली ती दे.”

“ती लोकांनी चालवून बघायची गाडी आहे हो, मास्तर. दारावर ओरखडा आहे. ती मी तुम्हाला कशी देऊ?”

“असू दे ओरखडा. उद्या मिळेल?”

झटकाने काकूंकडे बघितलं, मास्तरांना समजवा अशा नजरेने. आयुष्यभर प्रत्येक वस्तू दहा ठिकाणी पारखून घेणारा हा माणूस. काकूंनी तिला मान हलवून सांगितलं, उद्याच दे. मग झटका साहेबांना विचारायला उठून गेली.

टेबलापाशी दोघेच उरले. मास्तरांनी झटकाचा पेन उचलला आणि कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहायला लागले. काकूंनी वाकून बघितलं. ‘सीट उंच करणे. पुढे घेणे. आरसे खाली.’ मास्तर काकूंपेक्षा वीतभर उंच होते. त्यांना सीट उंच नको होती.

काकूंनी तो कागद दोनदा वाचला.

“मला किती दिवसांत येईल?” त्यांनी विचारलं.

“पंधरा.”

पंधरा दिवस ते सगळ्यांनाच सांगायचे आणि मग महिना घ्यायचे. काकूंना ते माहीत होतं.

“पंधरा दिवसांत तयार करीन,” मास्तर म्हणाले. “उद्या गाडी आली की परवापासून. रोज सकाळी.”

“ओरडायचं नाही पण.”

“नाही ओरडणार.”

एकतीस वर्षांत त्यांनी हे कुणालाही कबूल केलं नव्हतं. काकूंना वाटलं होतं निदान थोडी हुज्जत घालतील. त्या पर्स उघडून चष्मा शोधायला लागल्या, एक कप्पा, दुसरा कप्पा, पुन्हा पहिला. मास्तरांनी त्यांना शोधू दिलं. चष्मा काकूंच्या डोळ्यांवरच होता.